नववा तुकडा

कारखान्याच्या दारात इम्तियाज उभा होता आणि दोन्ही हात नाचवत मला काहीतरी सांगत होता. माग चालू असताना माणसाचा आवाज शेजारच्या माणसापर्यंतही पोचत नाही, त्यामुळे आमच्या इचलकरंजीत निम्मं बोलणं हातांनीच होतं. इम्तियाजनं आधी दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले. मग डावा हात बाजूला लांब केला आणि उजव्या हाताची बोटं पोटासमोर झुलवली. मग पुन्हा पुस्तक.

मी हातातली सुताच्या कांड्यांची पाटी तिथंच खाली ठेवली. बाबू जॉबर, म्हणजे आमच्याकडं माग दुरुस्त करणारा माणूस, माझ्याकडं बघून काहीतरी ओरडला असावा, कारण त्याचं तोंड हललं. तोपर्यंत मी बाहेर पोचलो होतो.

"आलं," इम्तियाज म्हणाला. रस्त्यावर आल्यावरही तो ओरडूनच बोलत होता. "पाळंदे बाईंनी लिहिलंय. छापून आलं."

"तुला कसं कळलं?"

"आमच्या धाकट्याचा, रियाजचा फोन आला. कोल्हापूरच्या स्टँडवर हाय तो. बुकस्टॉलवर उभ्यानं वाचत होता."

"काय लिहिलंय?"

इम्तियाजनं श्वास घेतला आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाला, "'श्रेणिक मगदूम यांचा हात तयार आहे.'"

"आणि?"

"आणि एवढंच."

"एवढंच लिहिलंय?"

"न्हाई रे. पान भरून हाय म्हणाला. पण पहिलं वाक्य वाचलं आणि स्टॉलवाल्यानं अंक हातातनं काढून घेतला."

"मग विकत घ्यायचा की."

"मी बी तेच म्हटलं. तर म्हणतो, गाडी सुटायला लागली होती."

मला धावावंसं वाटत होतं.

श्रेणिक मगदूम म्हणजे मी. ही गोष्ट होऊन आता पंधराएक वर्षं झाली. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, यंत्रमागाचा लहानसा कारखाना होता. खाली माग आणि वर आम्ही राहायला. सांगलीला कॉलेजात असताना मला गिटारचा नाद लागला तो सुटला नाही. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवून झाली, गणपतीतले कार्यक्रम झाले, आणि मग हळूहळू स्वतःचं काहीतरी सुचायला लागलं. त्याला शब्द नव्हते, गाणारं कुणी नव्हतं, नुसती गिटार. असलं काही कुठलीही कंपनी काढणार नव्हती, म्हणून आम्हीच काढायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि इम्तियाज मुल्ला. शाळेपासूनचा माझा दोस्त. गावात लग्नाच्या सीड्या आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करून तो पोट भरायचा, आणि त्याच्याकडं दोन बरे माइक होते.

अडचण होती ती मागांची. आमच्या खाली माग, शेजारी माग, समोरच्या गल्लीत माग. सगळं गाव खडखडत असताना गिटार रेकॉर्ड कशी करायची? शेवटी आम्हाला एकच वेळ सापडली, ती म्हणजे लोडशेडिंगची. त्या काळात वीज रोज तासन्‌तास जायची. वीज गेली की सगळं गाव एकदम गप्प व्हायचं, लोक शिव्या देत बाहेर यायचे, आणि मी माडीवर गिटार घेऊन धावायचो. इम्तियाज बॅटरीवर लॅपटॉप चालवायचा. वीज आली की आमचं काम बंद. अशा तऱ्हेनं, चोरून पाणी भरावं तसे आम्ही आठ तुकडे भरले. अल्बमचं नाव मी ठेवलं 'निळे अंतर'. "म्हंजे काय?" असं आप्पांनी विचारलं होतं आणि मला ते नीट सांगता आलं नव्हतं.

आप्पांनी मला या सगळ्यासाठी एक वर्ष दिलं होतं. पुण्याच्या एका गिटार क्लासमध्ये मला शिकवायला बोलावत होते. राहायची सोय होती, शहरात वाजवायलाही मिळालं असतं. मला जायचंच होतं. आप्पांना वाटत होतं की मी कारखाना बघावा. भांडण असं कधी झालं नाही आमच्यात, पण जेवताना दोघंही ताटाकडं बघून जेवायचो. शेवटी एके दिवशी तेच म्हणाले, "हे बघ, मला त्यातलं काय कळत न्हाई. तुझ्या आईला बी कळत न्हाई. ज्याला कळतं अशा माणसानं छापून चांगलं म्हटलं, तर तू पुण्याला जा. मी अडवणार न्हाई. न्हाईतर दसऱ्यापासनं खाली येऊन बस."

कळणारं माणूस म्हणून मी इंदुमती पाळंदे यांचं नाव सांगितलं, आणि सांगून बसल्यावर माझीच झोप उडाली. संगीताच्या एका पुणेरी मासिकात त्या दर महिन्याला नव्या ध्वनिमुद्रणांवर लिहायच्या. मोठमोठी माणसं त्यांना टरकून असायची. एका नावाजलेल्या गायकाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की, 'ते श्वास फार सुरेख घेतात', आणि लेख तिथंच संपवला होता. अशा बाईंना आम्ही सीडी पाठवली होती. इम्तियाजनंच पाकीट केलं, त्यानंच पोस्टात टाकलं. मग दसरा जवळ यायला लागला आणि उत्तर काही येईना.

आणि आता हे. यांचा हात तयार आहे.

"वाचनालयात येतो तो अंक," इम्तियाज म्हणाला आणि त्यानं मोटरसायकलला किक मारली.

वाचनालयापर्यंत जाईस्तोवर आम्ही त्या एका वाक्याचा कीस पाडला. "हात तयार आहे म्हंजे कौतुकच की," तो पुढं बघत ओरडत होता. "सुरुवातच कौतुकानं केलीय."

"त्या अशीच सुरुवात करतात," मी मागून ओरडलो. "नंतर 'पण' येतो."

"तुला कशात चांगलं दिसतच न्हाई."

"इम्त्या, समोर बघ."

वर्तमानपत्रांच्या लांब टेबलापलीकडं मासिकांचा एक रॅक होता. त्यात पाककृतींचं होतं, शेतीचं होतं, धार्मिक दोन होती. आमच्या मासिकाची जागा रिकामी होती. ग्रंथपालांनी मान वर न करता बोट दाखवलं. खिडकीपाशी एक वयस्क गृहस्थ अंक टेबलावर सपाट करून, ओळीखाली बोट ठेवून, वाचत बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मेलो," इम्तियाज पुटपुटला. "पाटगावकर सर."

पाटगावकर सरांनी आम्हा दोघांनाही हायस्कुलात गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर माझे हात आपोआप बाजूला सरळ झाले.

"सर," इम्तियाज म्हणाला, "तो अंक जरा पाहिजे होता. पाचच मिनिटं."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मुल्ला ना तू?"

"हो सर."

"मी वाचतोय ते दिसत नाही का? बस. माझं झालं की घे."

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. सर कुठल्यातरी घराण्यावरचा लेख वाचत होते, आणि त्यांची वाचायची रीत अशी की, एक ओळ झाली की बोट थांबायचं, सर क्षणभर खिडकीबाहेर बघायचे आणि मग पुढची ओळ. इम्तियाजचा गुडघा टेबलाखाली उडत होता. मी टेबलावर उलटं दिसणारं पान वाचता येतंय का ते बघत होतो. पान उलटलं की आम्ही दोघंही पुढं झुकायचो. तंबोऱ्याचं चित्र आलं. कुणाच्यातरी शताब्दीचा फोटो आला. एक जाहिरात आली आणि सरांनी तीसुद्धा वाचली.

मग एक पान उलटलं आणि मला उलट्या अक्षरांत माझं नाव दिसलं.

इम्तियाजनं माझं मनगट घट्ट धरलं. आमच्या दोघांमध्ये आणि त्या पानामध्ये हातभराचं टेबल होतं, आणि पलीकडं एक माणूस सावकाश, अगदी सावकाश, माझ्याविषयी वाचत होता. मला अक्षरं लागत नव्हती, म्हणून मी सरांचा चेहरा वाचायला लागलो.

पहिल्या ओळीला काही झालं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला त्यांनी ओठ मुडपले. मी इम्तियाजकडं बघितलं; त्यानंही बघितलं होतं. मग सर थोडं हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. एखाद्याचं गणित शेवटच्या पायरीला चुकलं की ते तसेच हसायचे. मग त्यांचं बोट भराभर चालायला लागलं. ते एकदाही खिडकीबाहेर बघेनात. एके ठिकाणी बोट थांबलं, मागं गेलं, तीच ओळ त्यांनी परत वाचली. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. शेवटी ते मोठ्यानं हसले. वाचनालयात, शांतता राखा लिहिलेल्या पाटीखाली, पाटगावकर सर हसले आणि ग्रंथपालांनी मान वर केली.

"आपल्या गावचा दिसतोय हा," सर म्हणाले. "कोण रे हा श्रेणिक मगदूम? मगदूम म्हणजे मागवाल्या मगदुमांपैकी का?"

"मी, सर," मी म्हणालो.

सरांनी मला नीट बघून घेतलं. "तू? तुझं गणित बरं होतं की." मग अंक फिरवून माझ्यासमोर सरकवला. "घे. माझं राहू दे उरलेलं."

आम्ही डोक्याला डोकं लावून वाचायला सुरुवात केली.

'श्रेणिक मगदूम यांचा हात तयार आहे. इतका तयार, की हे आठ तुकडे ऐकताना मला एकदाही त्यांची काळजी वाटली नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.'

"आला 'पण'," मी म्हणालो.

"गप. पुढं वाच."

'चांगली गिटार आणि चांगला गुरू लाभलेल्या कुणालाही हे आठ तुकडे कुठेही बसून वाजवता येतील. ते स्वच्छ आहेत. त्यांना इस्त्री केलेली आहे. ते कुठून आले आहेत हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. शीर्षकातले अंतर मला सापडले, निळेपणा सापडला नाही.'

माझे कान तापले. मी पान सरकवून द्यायला लागलो, पण इम्तियाजनं पानावर हात दाबून धरला होता. तो माझ्या पुढच्या ओळींवर होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र दिसत होतं; चोरी पकडली गेल्यासारखं आणि त्याच वेळी बक्षीस लागल्यासारखं.

'आठवा तुकडा संपला. शांतता. मी तबकडी काढायला उठले, आणि माझ्या खोलीत एक कारखाना सुरू झाला.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं.

'मुखपृष्ठावर या नवव्या तुकड्याचा उल्लेख नाही. कुठलीतरी यंत्रे चालली आहेत, बहुधा अनेक, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि त्या गर्दीतून वाट काढत एक माणूस वाजवतो आहे. तो चुकतो. दोनदा अडखळतो. एका यंत्राच्या मागे लागतो, ते हातातून सुटते, मग दुसऱ्याला पकडतो. एकदा तो हसतो, तेही ऐकू येते. मला त्याची सतत काळजी वाटत होती. मी तो तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा, आणि माझा चहा निवून गेला. इतक्या वर्षांत गिटार अशी वाजलेली मी ऐकलेली नाही. आधीचे आठ तुकडे मगदूम यांनी विसरून जावेत. हे यंत्र कुठे आहे ते त्यांनी शोधून काढावे आणि त्याच्या शेजारी राहायला जावे.'

खाली नाव होतं, इंदुमती पाळंदे. संपलं.

"इम्त्या," मी हळूच म्हणालो, "नववा तुकडा कुठला?"

तो खिडकीकडं बघायला लागला.

"इम्त्या."

"त्या दिवसाचा," तो म्हणाला. "आठवा झाला आणि लाईट आली बघ."

मला आठवलं. आठवा तुकडा कसाबसा पुरा झाला आणि त्याच क्षणी वीज आली होती. खाली एकेक माग सुरू व्हायला लागला. आधी दाराजवळचा, मग पलीकडचा, मग सगळे. "थांबव," मी इम्तियाजला म्हणालो होतो. पण गिटार अजून मांडीवर होती, काम संपल्याचा आनंद होता, आणि खालचा एक माग अशा काही तोऱ्यात चालला होता की माझी बोटं त्याच्या मागं गेली. उगाच, गंमत म्हणून. कितीतरी वेळ मी तसा वाजवत बसलो. लॅपटॉप चालू होता हे मला माहीत नव्हतं.

"तू तेव्हा ऐकवलं होतंस मला," मी म्हणालो. "मी पुसून टाक म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मग?"

"पुसलं न्हाई. घरी ऐकत होतो अधनंमधनं." त्यानं टेबलावरची धूळ बोटानं पुसली. "सगळ्या सीड्यांत न्हाई घातलं. फकस्त बाईंच्या आणि माझ्या सीडीत घातलं."

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. आवाज न करता यातलं एकही धड करता येईना. "मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर घालू दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

पाटगावकर सर इतका वेळ ऐकत होते. "मुल्ला," ते म्हणाले, "शाळेत तू दुसऱ्याच्या वहीतलं उत्तर आपल्या वहीत घालायचास. प्रगती आहे." आणि उठून ग्रंथपालांकडं जाऊन त्यांनी स्वतःच्या शब्दावर आम्हाला अंक झेरॉक्स काढण्यापुरता बाहेर न्यायची परवानगी मिळवून दिली.

परतताना मोटरसायकलवर आम्ही दोघंही एकाच वेळी बोलत होतो. बाईंनी चांगलं म्हटलं की वाईट? आठ तुकडे विसरून जा म्हणाल्या, म्हणजे वर्षाचं काम पाण्यात. पण 'गिटार अशी वाजलेली ऐकलेली नाही' असंही म्हणाल्या. इतक्या वर्षांत. पाळंदे बाई. चहा निवून गेला. मध्येच मला एकदम हसू यायला लागलं आणि थांबेना. यंत्र कुठं आहे ते शोधून काढावे. मी त्याच्या डोक्यावर झोपत होतो.

"आप्पांना काय सांगायचं?" इम्तियाजनं विचारलं.

"वाचायलाच देतो," मी म्हणालो.

कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती. तिचं दार लावलं की मोठ्यानं का होईना पण बोलता यायचं. आप्पा तिथं बसले होते. मी झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवली आणि हातानं दाखवलं, वाचा.

आप्पांनी चष्मा लावला. आज दुसऱ्यांदा मी माझ्याबद्दल वाचणारा चेहरा वाचत होतो, आणि हा कितीतरी अवघड होता. बाहेर बाबू जॉबर काचेतून डोकावून गेला. आप्पांनी शेवटपर्यंत वाचलं, कागद खाली ठेवला, चष्मा काढला.

"हे यंत्र कुठलं?" त्यांनी विचारलं.

"आपले माग, आप्पा. माडीवर रेकॉर्ड करताना खालून आलेत."

आप्पांचे खांदे हलायला लागले. आप्पा असे हसताना मी फारसे बघितले नव्हते. "म्हंजे बाईंनी तुला घरातच बस म्हटलंय की," ते म्हणाले. "एवढं पुण्याला पाकीट पाठवून."

"तसं नाही, आप्पा. पुढचं वाचा. अशी गिटार ऐकली नाही म्हणाल्यात."

"ते बी वाचलं. पर शेवटी काय म्हटलंय? ह्याच्या शेजारी राहायला जा. मग जिंकलं कोण? तू का मी?"

"काका, दोघं बी," इम्तियाज म्हणाला.

"तू मधी बोलू नको. तू कुणाच्या बाजूचा ते कळलंय मला." पण ते हसतच होते. मग त्यांनी कागद परत उचलला, एका ओळीवर थांबले आणि त्यांचं हसणं हळूहळू कमी झालं. "दोनदा अडखळतो," ते स्वतःशी म्हणाले. "एकदा हसतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठाय ते? मला ऐकव."

"आता?"

"मग काय दसऱ्याला?"

"आप्पा, माग चालू आहेत. काही ऐकू येणार नाही."

आप्पा उठले. केबिनचं दार उघडून सरळ भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मागांचा मेन स्विच खाली ओढला.

भर पाळीत, वीज असताना, आमच्या कारखान्यात असं कधी घडलं नव्हतं. माग एकेक करून थांबले. सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा शेवटचा धोटा खटकन थांबला. "गेली वाटतं लाईट," कुणीतरी सवयीनं म्हणालं आणि चार-पाच जण बाहेर जायला निघाले, पण डोक्यावर दिवे जळत होते. सगळे आप्पांकडं बघायला लागले.

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. "श्रेणिकचं वाजवणं ऐकायचंय."

मी माडीवर धावलो. सीडी प्लेअर आणला, इम्तियाजनं स्वतःच्या बॅगेतली सीडी काढली. एका बंद मागाच्या फळीवर प्लेअर ठेवला आणि नवव्या तुकड्याचं बटण दाबलं.

आधी माग आले. दाराजवळचा, मग पलीकडचा, मग सगळे. आणि मग मी आलो. मी तो तुकडा त्या दिवसानंतर ऐकलाच नव्हता. पहिल्यांदा अडखळलो तेव्हा मला लाज वाटली. दुसऱ्यांदा अडखळलो तेव्हा मला पुढं काय होतंय याची उत्सुकता वाटली, जणू वाजवणारा दुसराच कुणी होता. मग तो हसला, आणि बाबू जॉबरही हसला. कामगार एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एक जण मान हलवायला लागला. शेवटी गिटार थांबली, माग थोडा वेळ एकटेच चालले, आणि इम्तियाजचा आवाज आला, "बास का?" आणि माझा, "बास." मग काही नाही.

दिव्यांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"आप्पा," बाबू जॉबर म्हणाला, "माग बंद करून मागच ऐकवलेसा की वो." सगळे खळखळून हसले. मीही हसलो.

आप्पा हसले नाहीत. ते अजून प्लेअरकडं बघत होते.

"कुठले माग?" त्यांनी विचारलं.

"ह्यातले. खडाखडा चाललेत की एवढे."

आप्पांनी डोकं हलवलं. "मला न्हाई आले ऐकू," ते म्हणाले. "मला ह्योच ऐकू आला."

बाबूनं हातातला पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आप्पा माझ्याजवळ आले. माग बंद होते तरी सवयीप्रमाणं माझ्या कानाशी तोंड आणलं, पण बोलले मात्र हळू.

"जा तू पुण्याला," ते म्हणाले. "मघाशी चेष्टा केली. बाईंनी चांगलंच म्हटलंय. शब्द म्हंजे शब्द."

वर्षभर मी याच वाक्याची वाट बघत होतो. ते ऐकल्यावर काय करायचं, सामान कुठल्या बॅगेत भरायचं, कुठली एस.टी. पकडायची, सगळं माझं ठरलेलं होतं. आता ते वाक्य माझ्यासमोर उभं होतं आणि मी आप्पांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होतो. खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक जुना माग होता. त्याचा सांगाडा तेवढा उरला होता, सुटे भाग केव्हाच दुसऱ्या मागांना लागले होते. तिथून दाराजवळचा माग उजव्या हाताला येत होता आणि पलीकडची रांग डाव्या.

"आप्पा," मी म्हणालो, "तो कोपऱ्यातला माग काढता येईल का?"

"कशाला?"

"मला तिथं बसायला जागा पाहिजे. खुर्चीपुरती. माग चालू असताना."

इम्तियाजनं माझ्याकडं बघितलं आणि तो लगेच माइक कुठं लावायचे ते शोधत छताकडं बघायला लागला. माझे पुढचे तीन अल्बम त्या कोपऱ्यात झाले. पाळंदे बाईंनी त्यातल्या दोनांवर लिहिलं आणि एकावर लिहायचं टाळलं. पुण्याच्या क्लासला मी दुसऱ्या दिवशी फोन करून येणार नाही म्हणून कळवलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी आप्पा कोपऱ्यात गेले, मागाच्या सांगाड्याला हातानं धक्का देऊन बघितला, मग वाकून त्याचे पाय जमिनीत कसे बसवलेत ते बघितलं.

"चार माणसं लागतील," ते म्हणाले, आणि त्यांनी बाबूला हाक मारली.